देवाची क्षमा आणि मावशीची वही

(पारोळा येथे उपवासकाळात झालेल्या कार्यकर्ते व विश्वासणाऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



आज इथे बसलेल्यांपैकी बरेच जण गेल्या दोन-तीन आठवड्यांतच ऊसतोडीवरून परतले आहेत. दिवाळी झाली की आपल्या भिलाट्या रिकाम्या होतात. घरांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं आणि दोन-चार कोंबड्या तेवढ्या मागे राहतात. होळीनंतर गाड्या परत येऊ लागतात. नेमका हाच आपला उपवासकाळ असतो. म्हणजे ज्या दिवसांत मंडळीत पश्चात्तापावर उपदेश चालतो, त्याच दिवसांत मुकादमाच्या ओट्यावर हिशेब चालतो. उचल किती घेतली, ऊस किती टन तोडला, खाडे किती झाले, अंगावर किती राहिले. आणि पुढे आखाजी आली की सालदारांचे हिशेब. आपल्या खानदेशात हे दिवसच हिशेबाचे आहेत.

पुष्कळ वर्षे मला या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध आहे असे वाटले नाही. उपदेश चर्चमध्ये, हिशेब ओट्यावर. तो संबंध मला एका मावशीने शिकवला. तिला वाचता येत नाही. आज मी तेच तुम्हाला सांगणार आहे, आणि त्यात माझी स्वतःची गोष्टही आहे. ती सांगायला मला सोपे जात नाही, म्हणून थोडे सांभाळून घ्या.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. आपण पश्चात्ताप म्हणतो. पश्चात म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणे. चूक झाल्यावर मनाला होणारी आग. शब्द चांगला आहे, पण तो आगीपाशीच थांबतो. पवित्र शास्त्र ज्या भाषांत लिहिले गेले, त्यांतले शब्द पुढे जातात. जुन्या कराराच्या इब्री भाषेत संदेष्टे जो शब्द वापरतात, त्याचा साधा अर्थ आहे मागे फिरणे. वाट चुकलेला माणूस जसा वळतो तसे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतल्या शब्दाचा अर्थ आहे मन पालटणे. धुळ्याला जायचे असताना कुणी जळगावच्या गाडीत बसला, आणि एरंडोल आल्यावर त्याला कळले, तर तो काय करील? गाडीत बसून रडेल आणि गाडी जळगावला जाऊ देईल? नाही. तो उतरेल, रस्ता ओलांडेल, उलट्या दिशेची गाडी धरेल. रडू आले तर येवो. पण उतरला नाही, तर त्या रडण्याने धुळे जवळ येत नाही.

हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने फार स्पष्ट सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय घरी जाऊन वाचा. लोक त्याच्याकडे आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावे? योहानाने त्यांना अधिक प्रार्थना करा असे सांगितले नाही, अधिक रडा असेही नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांना सांगितले, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगितले, दांडगाई करून पैसे उकळू नका, पगारावर भागवा. पाहा, प्रत्येकाला त्याच्या धंद्यातले पाप दाखवले. तेच योहान आज पारोळ्याला आले असते, तर मुकादमाला काय म्हणाले असते? सालदार ठेवणाऱ्याला काय म्हणाले असते? आणि संस्थेचा कार्यकर्ता म्हणून अहवाल लिहिणाऱ्या मला काय म्हणाले असते?

आता माझी गोष्ट.

मी एकवीस वर्षांचा होतो. बारावी झाली होती, हाताला काम नव्हते. एका मुकादमाला वही लिहिणारा मुलगा हवा होता. त्याच्या टोळीत चौदा कोयते होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. मी एक हंगाम त्याची वही लिहिली. उचल लिहायची, खाडे मांडायचे, बाजारासाठी दिलेले पैसे लिहायचे, आणि शेवटी अंगठा घ्यायचा. शाईचा पॅड माझ्याच खिशात असायचा.

मुकादम सांगेल तो आकडा मी लिहीत असे. बारा हजार दिले असतील आणि तो म्हणाला चौदा लिही, तर मी चौदा लिहीत असे. बाई तापाने दोन दिवस कोपीत पडून राहिली आणि तो म्हणाला चार खाडे मांड, तर मी चार मांडत असे. मला कळत होते. मी लहान नव्हतो. पण मी स्वतःला सांगत होतो की पैसे मी खात नाही, मी फक्त लिहितो. मला माझा पगार मिळत होता. आणि मुकादमाच्या डोक्यावरही वरून घेतलेली उचल होतीच, तोही त्याच साखळीतला, असे म्हणून मी मनाची समजूत घालत होतो.

तो हंगाम संपला, मी ते काम सोडले. पुढे प्रभूने मला बोलावले. मी बायबल शाळेत गेलो, पदविका घेतली. तिथे एका संजीवन सभेत मी उभा राहिलो, खूप रडलो आणि सर्वांसमोर साक्ष दिली. विडीचे पाप सांगितले. आईला उलट बोललो ते सांगितले. सिनेमा सांगितला. लोकांनी हालेलूया म्हटले. मला फार हलके वाटले. त्या साक्षीत वहीचा एक शब्द नव्हता. मी लपवले असे नाही. मला ते आठवलेच नाही. ती माझी नोकरी होती, पाप नव्हते. बंधूंनो, माणसाचे मन आपल्या पापांची यादी करतानाही आपल्या सोयीने करते.

आठ वर्षांपूर्वी अशाच उपवासकाळात मी आपल्या तालुक्यातल्या एका भिलाटीत पश्चात्तापावर बोललो. दारूवर बोललो, मारामारीवर बोललो. भिलाटीत उपदेश करायला गेलेला माणूस पहिला दारूवरच बोलतो. प्रार्थना झाली, लोक उठले. एक मावशी मागे थांबली. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तू टोळीची वही लिहायचास ना? मी तिला ओळखले नव्हते. तिने मला ओळखले होते.

मी हो म्हणालो. मग मी तिला तेच सांगितले जे मला खरे वाटत होते. मावशी, ते जुने जीवन होते, मी देवासमोर रडलो, देवाने मला क्षमा केली.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "पैसा देवना नही, मना व्हता."

पैसा देवाचा नव्हता, माझा होता. एवढे बोलून ती घरी गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तीन वर्षे शास्त्र शिकलो होतो, परीक्षेत उत्तरे लिहिली होती. आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने जे सांगितले, ते मला त्या बाईने शिकवले. प्रभूने काय सांगितले? तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. म्हणजे देवाकडे जाणारी वाट कधी कधी भिलाटीतून वळून जाते. मी ती वाट टाळून सरळ वेदीवर चढलो होतो.

यरीहोचा जक्कय आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ठेंगणा माणूस, उंबराच्या झाडावर चढला. रविवारच्या शाळेत आपण मुलांना त्याचे झाड काढायला लावतो आणि गोष्ट झाडापाशीच संपवतो. पण गोष्टीचा गाभा पुढे आहे. जक्कय मुख्य जकातदार होता. म्हणजे आपल्या भाषेत मुकादमांचा मुकादम. वहीचा मालक. प्रभू त्याच्या घरी उतरला, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवून घेतले त्याला चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, साधा नियम होता. आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम द्यावी आणि त्यात पाचवा हिस्सा घालावा. जक्कयाने नियमाच्या पलीकडे जाऊन दिले.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ होईल. जक्कयाने पैसे परत केले म्हणून प्रभू त्याच्या घरी आला का? नाही. प्रभू आधी आला. झाडाखाली उभा राहून त्याला नावाने हाक मारली, सगळा गाव कुरकुर करत असताना त्याच्या घरी उतरला. कृपा आधी आली, वही नंतर उघडली. क्षमा विकत मिळत नाही. पण क्षमा खरोखर घरात शिरली असेल, तर वही बंद राहू शकत नाही.

नहेम्याचा पाचवा अध्यायही आपल्या खानदेशासाठीच लिहिला आहे असे मला वाटते. यरुशलेमचा कोट बांधायचे पवित्र काम चालले होते, आणि त्याच वेळी गरीब लोक ओरडत होते की आम्ही शेते गहाण टाकली, पोटची मुले गुलामीत दिली. नहेम्याने कोटाचे काम बाजूला ठेवून सभा बोलावली. शेते, द्राक्षमळे, घरे आणि घेतलेले व्याज परत करायला लावले. आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवताना त्याने स्वतःलाही मोजले. मी आणि माझे भाऊबंदही त्यांना कर्ज देतो, असे त्याने भर सभेत सांगितले. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो की मला आवडणारा उपवास कोणता. उत्तर आहे दुष्टतेच्या बेड्या तोडणे, जुवाखालच्या माणसाला मोकळे करणे. उपवासकाळात आपण मटण सोडतो. देव म्हणतो, जू सोडा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. संजीवन म्हटले की पंडिता रमाबाईंचे नाव निघतेच. दौंडजवळच्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या. १९०५ सालच्या सुरुवातीला त्यांनी तिथल्या स्त्रियांना संजीवनासाठी रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावले, आणि जूनच्या शेवटी ते संजीवन आले. मुली रडल्या, पापे कबूल केली, रात्ररात्र प्रार्थना चालली. याची आठवण आजही चर्चांमधून सांगितली जाते.

पण रमाबाईंची दुसरी एक गोष्ट आपण कमी सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. आणि त्यांनी आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विचार करा. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, १८८९ साली शारदा सदन काढून विधवांसाठी झटणाऱ्या, आणि त्या म्हणतात, अजून मुख्य गोष्ट राहिली होती. एवढ्या मोठ्या बाईला हे कबूल करता आले. आपल्याला का जमू नये? पश्चात्ताप बाप्तिस्म्याच्या दिवशी एकदा करून मोकळे व्हायची गोष्ट नाही. माझ्यासारख्या पदविका भिंतीवर लावलेल्या माणसालाही तो नव्याने करावा लागतो.

आणि मुक्तीत संजीवन आले म्हणून काम थांबले नाही. छापखाना चालला, हातमाग चालले, शेती चालली. प्रार्थनेतून उठलेल्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत गेल्या. रमाबाई स्वतः इब्री आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करत राहिल्या, १९२२ साली प्रभूकडे जाईपर्यंत. संजीवन खरे की खोटे हे अश्रूंच्या रात्री कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

माझ्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वडीलधाऱ्याचा सल्ला घेतला. ते म्हणाले, जुन्या गोष्टी उकरू नकोस, कामाचे नाव जाईल. त्यांचे वाईट नव्हते, त्यांना कामाची काळजी होती. मग मी बायकोला सांगितले. घराच्या स्लॅबसाठी आम्ही पैसे साठवत होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पत्र्याखाली अजून काही वर्षे काढू.

जुनी वही तर कुठेच नव्हती. म्हणून मी ठरवले की समोरचा माणूस सांगेल तो आकडा धरायचा. त्यांच्या तोंडचा आकडा आम्ही तेव्हा कधी धरला नव्हता, आता तरी धरू. त्यात गणनातल्या नियमाप्रमाणे पाचवा हिस्सा घालायचा. पहिल्यांदा मावशीकडे गेलो. ती म्हणाली दोन हजार. मी दोन हजार चारशे तिच्यापुढे ठेवले. तिने दोनदा मोजले, पदरात बांधले. मला क्षमा केली वगैरे काही म्हणाली नाही. चहा दिला.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या अंगावर राहिलेल्या दोन हजारांपोटी पुढच्या हंगामात तिने सहावीतल्या मुलाला बरोबर नेले. तो परत शाळेत गेला नाही. आज तो स्वतः कोयता आहे, त्याची मुले कोपीत वाढतात.

बंधू-भगिनींनो, दोन हजार चारशे रुपयांत ते वर्ष बसत नाही. चौपट दिले तरी बसत नाही. मी पैसे परत करून आपण मोकळे होऊ असे समजून गेलो होतो. तिच्या अंगणात मला कळले की आपण केलेल्या पापाची पूर्ण परतफेड आपल्या हातात नाहीच. जे परत करता येते ते केलेच पाहिजे. आणि जे परत करता येत नाही, त्यासाठी वधस्तंभाशी जाऊन रिकाम्या हाताने उभे राहायचे. आधी जेव्हा मी रडलो होतो, तेव्हा मला हलके वाटले होते. या वेळी हलके वाटले नाही. पण या वेळी ते खरे होते.

चौदा कुटुंबांपैकी नऊ मला तीन वर्षांत सापडली. एकाने दारातून हाकलले, पैसे ओट्यावर ठेवून आलो. एक जण म्हणाला पैसे नको, माझ्या मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला चल. चार खेपा झाल्या, दाखला मिळाला. पाच कुटुंबे अजून सापडली नाहीत. कुणी गुजरातेत गेले म्हणतात, कुणी वारले. त्यांचे पैसे वेगळे ठेवले आहेत. ते माझे नाहीत.

मावशीच्या नातवाला आम्ही वस्तीतल्या अभ्यासवर्गात बसवतो. आई-बाप तोडीला गेले की तो आजीजवळ राहतो. या वर्षी तो सातवीत आहे. बापाची शाळा सुटली, त्या वर्गाच्या तो एक वर्ग पुढे गेला आहे. मी यात माझी बढाई सांगत नाही. त्याला सांभाळते ती आजी.

आता या उपवासकाळात काय करायचे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, आपण कार्यकर्ते आणि पाळक यांच्यासाठी. गरिबाला दारूचे पाप सांगण्याआधी आपली वही उघडू या. कुणाचे मानधन थकवले? भेट न देता कोणती भेट अहवालात लिहिली? कुणाच्या नावाचे धान्य दुसरीकडे गेले? पुनरुत्थानाच्या रविवारच्या आत ते नीट करू या.

दुसरे, तुमच्यात कुणी मुकादम असेल, सालदार ठेवणारा असेल. मी तुमचा न्याय करत नाही, मला तो हक्कच नाही. पण अंगठा घेण्याआधी आकडा मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्याची नक्कल त्याच्या हातात द्या. एवढे केले तरी तुमच्या घरी तारण आले असे मी म्हणेन.

तिसरे, तोडीला जाणाऱ्यांसाठी. उचल घेताना वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बरोबर न्या, तुमची स्वतःची वही ठेवा. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि असे वेठबिगारीचे कर्ज कायद्याने रद्द होते. तहसीलदार किंवा कलेक्टर साहेबांकडे अर्ज करता येतो. लिहून द्यायला आम्ही आहोत. आता मी तुमच्या बाजूने लिहीन. आणि तुमच्या घरातही वही आहे, विसरू नका. सहा महिने दोघांनी मिळून ऊस तोडला आणि परत आल्यावर एकट्याने तो गुत्त्यावर उडवला, तर तो पैसा बायकोचाही होता. तिलाही तेच म्हणता येते, जे मावशी मला म्हणाली.

नवे जीवन म्हणजे काय, असे मला मुले विचारतात. मी सांगतो, ज्या घरासमोरून जाताना तू मान खाली घालतोस, त्या घरी एकदा जा. तिथून परत येताना जो श्वास घेशील, तिथून नवे जीवन सुरू होते. क्षमा मिळेल, न मिळेल. चहा मिळाला तरी पुष्कळ.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू जक्कयाच्या घरी आलास, तसा आमच्याही घरी ये. आम्ही विसरलेली नावे आम्हाला आठवू दे. जे परत करता येईल ते परत करायला बळ दे, आणि जे करता येणार नाही ते तुझ्या जखमी हातांत घे. आमच्या भिलाट्यांतली मुले या वर्षी शाळेत राहू देत. जे भाऊ-बहिणी अजून फडात आहेत, त्यांना सुखरूप घरी आण. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.